पात्र वाढतं की उलगडतं: इतवारीतल्या एका मुनिमाची गोष्ट, वेगवेगळ्या प्रकारांनी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या एका गटानं काही लघुपटांनंतर पहिल्यांदाच पूर्ण लांबीची संहिता लिहिली आहे, 118 पानांची. पहिला अर्धा तास पात्रं छान उभी राहतात, मध्यंतरापर्यंत गोष्ट धावते, आणि नंतर तीच माणसं तेच तेच करत बसतात. गोष्ट थरारपटाकडे न्यायची की घरगुती ठेवायची, यावरही गटाचं एकमत होत नाही. तेव्हा वेगवेगळ्या प्रकारच्या सिनेमांत पात्र आणि कथा पुढं कशी नेतात?

चूक बहुधा पहिल्या पानाच्याही आधी झालेली असते. ‘पात्राचा विकास’ म्हणताना आपण दोन निराळी कामं एकाच पिशवीत घालतो. एकात माणूस खरोखर बदलतो. सुरुवातीला जे त्याच्या हातून झालं नसतं ते शेवटी होतं. दुसऱ्यात माणूस होता तसाच राहतो आणि त्याच्याबद्दल आपल्याला जे ठाऊक असतं ते बदलतं. ‘शोले’मधला (1975) ठाकूर पहिल्यापासून सूडाला बांधलेला आहे. डाकूंच्या हल्ल्यात समोर पडलेली बंदूक तो उचलून का देत नाही, याचा आपल्यालाही संताप येतो. मग पूर्वकथा सांगून होते, खांद्यावरची शाल उडते, आणि मागे पाहिलेले त्याचे सगळे प्रसंग मनात पुन्हा नव्यानं दिसू लागतात. ठाकूर तसूभर बदललेला नसतो. पहिल्या कामाला वाढ म्हणू आणि दुसऱ्याला उलगडा. कोणत्या प्रकारच्या सिनेमात कोणतं किती लागतं, हे ठरवलं नाही की मध्यंतरानंतर पात्रं घुटमळतात.

उदाहरणासाठी एक साधी गोष्ट घेऊ. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या ठोक किराणा दुकानातला मुनीम, वामनराव, वय 54. शनिवारी संध्याकाळी रोजमेळ लागत नाही; रोकड 40,000 रुपयांनी कमी भरते. शेठजी गावाला गेलेत, सोमवारी सकाळी येतील. दुकानात एक जुना हमाल आहे, घरी बायको, लग्नाची मुलगी आणि अलीकडे उशिरा घरी येणारा मुलगा. वामनरावांची एक सवय आहे: नोटांची गड्डी ते दोनदा मोजतात, दुसऱ्यांदा उलट्या बाजूनं. ही सवय लक्षात ठेवा, ती पुढं कामाला येणार आहे.

हीच गोष्ट घरगुती ठेवली तर भर वाढीवर पडतो. इथं सगळ्यात जास्त चुका होतात, कारण लेखक पात्रावर नवनवी संकटं टाकत जातो: आधी मुलीचं लग्न मोडतं, मग बायको आजारी पडते, मग घरमालक येतो. संकटांची रांग लागते आणि माणूस नुसता सोसत राहतो. सोसणारा माणूस दया मिळवतो, पण तो वाढत नाही. वाढ होते ती एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आणि दर वेळी चढ्या भावानं विचारल्यामुळे. वामनरावांना मुलाचा संशय आहे. बोलायचं की गप्प बसायचं, एवढाच प्रश्न. पहिल्यांदा शेजारचा मुनीम सहज विचारतो, “लागला का मेळ?” आणि ते हो म्हणतात, किंमत एका छोट्या खोट्याची. दुसऱ्यांदा हमालावर बोट दाखवलं जातं आणि ते मान खाली घालून खतावणी लिहीत राहतात. किंमत वीस वर्षांच्या सोबतीची. तिसऱ्यांदा हमालाला पोलिसांत देण्याची वेळ येते. आता गप्प बसले तर निर्दोष माणूस जाईल आणि बोलले तर मुलगा. प्रश्न तोच, भाव चढता. प्रेक्षक तिसऱ्या वेळी श्वास रोखून बसतो तो पहिल्या दोन वेळा आठवत असतात म्हणून.

करून पाहायचं असेल तर प्रत्येक प्रसंगाचं एक पोस्टकार्ड करा आणि भिंतीवर लावा. 118 पानांत साधारण 60 ते 70 कार्डं होतील. प्रत्येकावर तीनच ओळी: वामनरावांना या प्रसंगात काय हवंय, काय मिळालं, आणि त्यासाठी काय मोजावं लागलं. शेजारच्या दोन कार्डांवर तिसरी ओळ सारखीच निघाली तर त्यातलं एक कार्ड उतरवा. संवाद कितीही आवडता असला तरी उतरवा. बहुतेक संहितांत अशी कार्डं मध्यंतरानंतरच्या पहिल्या वीस मिनिटांत सापडतात.

थरारपटात याच गोष्टीचं अंग वेगळं. समजा पैसे वामनरावांनीच घेतलेत आणि आपल्याला ते सत्तराव्या मिनिटाला कळतं. इथं पात्र फारसं वाढत नाही, उलगडतं. म्हणून प्रत्येक प्रसंग दोन्ही बाजूंनी खरा असावा लागतो: पहिल्यांदा पाहताना निर्दोष माणसाचा, दुसऱ्यांदा पाहताना दोषी माणसाचा. एका तक्त्यात तीन रकाने करा: प्रेक्षक काय समजतोय, खरं काय आहे, आणि वामनराव प्रत्यक्ष काय करतात. मग तिसरा रकाना पहिल्या दोघांशी ताडून पाहा.

सापळा नेहमी एकाच जागी असतो. रोजमेळ लागत नाही तेव्हा वामनराव दुकानात एकटे आहेत आणि दचकतात. पैसे त्यांनीच घेतले असतील तर एकट्यानं दचकायचं कारण काय? ते नाटक फक्त प्रेक्षकासाठी झालं, आणि प्रेक्षकाला ते नंतर आठवतं. फसवलं गेल्याचा हा राग सिनेमा संपल्यावरही जात नाही. उपाय तीन आहेत. हमालाला तिथं उभा ठेवा, म्हणजे नाटक त्याच्यासाठी होईल. किंवा दचकणं पाठीमागून दाखवा, चेहरा देऊ नका. तिसरा उपाय सगळ्यात चांगला: दचकणं खरंच असू द्या. वामनरावांनी 25,000 घेतले होते, कमी भरतायत 40,000. म्हणजे दुकानात दुसराही कोणीतरी आहे. एका दुरुस्तीतून उत्तरार्धाला अख्खी नवी गोष्ट मिळाली, आणि एकही प्रसंग खोटा पडला नाही.

विनोदी सिनेमात पात्रानं बदलायचं नसतं, निदान शेवटच्या काही मिनिटांपर्यंत तरी नाही. तो बदलला, शहाणा झाला, तर विनोदाचं इंधनच संपतं. तिथं वाढतं ते खोटं. ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) पाहताना एवढंच मोजा: राहायला खोली हवी म्हणून दोन मित्र बायका होतात, आणि पुढचा जवळजवळ प्रत्येक पेच त्या एका सोंगातूनच निघतो. लेखक बाहेरून योगायोग आणून ओतत बसत नाही. वामनरावांनी शेठाणीला सांगितलं, पैसे बँकेत भरले. शेठाणी म्हणते, पावती पाठवा. पावतीसाठी बँकेतला ओळखीचा शिपाई, शिपायाला गप्प ठेवण्यासाठी त्याच्या पोराला दुकानात नोकरी, नोकरीसाठी हमालाला दुसरं खोटं. इथंही तक्ता लागतो: कोणाला कोणतं खोटं सांगितलंय. गंमत होते ती वेगवेगळी खोटी ऐकलेली दोन माणसं एका खोलीत आल्यावर. अशी टक्कर सिनेमात निदान तीनदा यायला हवी, आणि दर वेळी खोलीतली माणसं वाढायला हवीत. आधीच्या खोट्याशिवाय जन्मलेलं नवं खोटं दिसलं की ते प्रकरण सरळ काढून टाका. तिथं हशा येत नाही, तिथं प्रेक्षक फोन काढतो.

भयपटात नियम वाढतो. समजा दर अमावस्येला गल्ला तेवढ्याच रकमेनं कमी भरतो आणि दुकानाच्या माडीवर आजोबांच्या काळची एक वही आहे. नियम कोणत्या प्रकारे काम करतो, हे पहिल्या अर्ध्या तासात दिसलं पाहिजे. मग पात्रानं त्याचा फायदा घेतला पाहिजे. शेवटी त्याच नियमानं त्याला गाठलं पाहिजे. ‘तुंबाड’ (2018) 1918, 1933 आणि 1947 अशा तीन काळांत विभागलेला आहे. देवाच्या भुकेचा नियम शेवटपर्यंत तोच राहतो. बदलते ती माणसाची हाव, आणि ती पोरापर्यंत पोचते. जास्त मिळावं म्हणून बाप-लेक जी युक्ती काढतात तीच उलटते. आपल्याकडच्या कच्च्या भयपट-संहितांत नेमकं उलटं दिसतं: साठाव्या पानावर भुताला नवी शक्ती, नव्वदाव्या पानावर मांत्रिकाचा नवा उपाय. नियम बदलता आला की भीती राहत नाही, कारण काहीही होऊ शकतं म्हटल्यावर कशाचंच काही वाटत नाही.

प्रेमकथेबद्दल थोडकंच. तिथं दोघं एकाच वेगानं बदलली तर ताण उरत नाही. एक जण पुढं गेलेला आणि दुसरा मागं राहिलेला असा फरक सतत हवा. ‘सैराट’मध्ये (2016) आर्ची आणि परशा हैदराबादला पोचल्यावर घरची सवय कोणाला जास्त छळते ते पाहा, पूर्वार्धात जिचा दरारा होता, तीच उत्तरार्धात परक्या गावी सगळ्यात उघडी पडते. आणि शेवटच्या दृश्यात सिनेमा आवाजच काढून घेतो. ते लिहितानाच ठरवावं लागतं, संकलनात आयत्या वेळी सुचत नाही.

खेळाच्या सिनेमाबद्दल नागपूरकरांना वेगळं उदाहरण शोधायला नको. ‘झुंड’ (2022) इथलाच. त्यात झोपडपट्टीतल्या मुलांचा कॉलेजच्या संघाशी सामना पूर्वार्धात होऊन जातो, आणि उत्तरार्धात समोर उभा राहतो तो पासपोर्टचा, कागदपत्रांचा डोंगर. मैदानावरचा शत्रू संपला, आता ‘तुम्ही कोण, कुठले, पुरावा काय’ हा शत्रू. मध्यंतरानं हेच करायचं असतं.

मध्यंतराबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण प्रश्नातलं दुखणं तिथंच आहे. आपल्याकडे मध्यंतर म्हणजे मोठा धक्का, असा समज आहे. धक्का असायला हरकत नाही, पण त्या जागी सिनेमाचा प्रश्न बदलला पाहिजे. पूर्वार्धाचा प्रश्न एका वाक्यात लिहा, उत्तरार्धाचा दुसऱ्या वाक्यात. “पैसे कोणी घेतले?” आणि “हे आता कोणाला सांगायचं?” अशी दोन वाक्यं झाली तर उत्तरार्ध चालेल. दोन्ही ठिकाणी “वामनराव यातून सुटतील का?” असंच येत असेल, तर चहा पिऊन परत आलेला प्रेक्षक जिथं सोडला होता तिथंच बसतो. घरगुती की थरार हा वादही इथं सुटू शकतो. पूर्वार्ध उलगड्याचा ठेवा, उत्तरार्ध वाढीचा. उलट क्रम मात्र टाळा: माणूस आतून बदलून गेल्यावर पुन्हा ‘चोर कोण’ विचारत बसलात तर कोणाला पडलेली नसते.

एक पान म्हणजे एक मिनिट, या हिशेबावर देवनागरीत विसंबू नका. अक्षराचा आकार आणि ओळींमधली जागा बदलली की तेच 118 पानांचं बाड 100 मिनिटांचं होतं किंवा 140 चं. घड्याळ लावून संहिता मोठ्यानं वाचा, हालचालींच्या वर्णनाच्या जागी ती हालचाल डोळ्यासमोर आणेपर्यंत थांबा, आणि प्रत्येक कार्डावर मिनिटं लिहा. मध्यंतर कागदावर बरोबर मध्यात आणि पडद्यावर पंचाहत्तराव्या मिनिटाला, असं झालेलं असू शकतं.

आता भाषा, आणि इथं नागपूरच्या लेखकाच्या हातात जे आहे ते फार कमी गावांतल्या लेखकांना मिळतं. इतवारीतला माणूस दिवसभरात तीन भाषांतून फिरतो. शेठजींशी हिंदी: “सेठजी, हिसाब सोमवार को बताता हूँ.” बँकेत जपून बोललेली पुस्तकी मराठी: “साहेब, एक विनंती होती.” घरी वऱ्हाडी: “मी कायले घेऊ पैसे? तूच सांग ना बाप्पा.” बहुतेक संहिता या तीन भाषा नुसत्या वास्तवासाठी वापरतात. त्या वाढ दाखवण्यासाठी वापरा. अख्खा सिनेमा वामनराव शेठजींसमोर हिंदीच बोलतात. हिंदी म्हणजे त्यांची पायरी, त्यांचं अंतर. मग शेवटाकडे, हमालाला पोलिसांच्या गाडीत बसवताना, ते शेठजींकडे वळून म्हणतात, “सेठजी, त्याले सोडा. मी खोटं बोलून राह्यलो होतो.” बांध फुटला हे सांगायला रडणं नको, पार्श्वसंगीत नको. ते वाक्य हिंदीत लिहून पाहा, मग वऱ्हाडीत. फरक कानालाच कळेल.

याच्या दोन अटी आहेत. वऱ्हाडी फक्त हशा काढायला वापरली असेल तर शेवटी ती रडवू शकणार नाही, म्हणून पहिल्या दृश्यापासून तिला घरातली साधी भाषा म्हणून वागवा. आणि सगळ्यांच्या तोंडी सारखीच “बे” आणि “काऊन” घालू नका. 54 वर्षांचा मुनीम, भंडाऱ्याकडून आलेला हमाल आणि कॉलेजातला पोरगा एकसारखे बोलत नाहीत. नट बाहेरगावचा असेल तर त्याच वयाच्या, त्याच वस्तीतल्या माणसाचं बोलणं रेकॉर्ड करून त्याला ऐकवा, आणि शब्दांपेक्षा हेल पकडायला सांगा. “करून राह्यलो” म्हणताना पुण्याचा हेल आला की अख्खं पात्र कोसळतं.

काळ पुढं सरकल्याचं दाखवायला “तीन महिन्यांनंतर” अशी पाटी टाकायची वेळ येते, कारण लिहिताना दिवस मोजलेले नसतात. कथेचे दिवस मोजा: दिवस 1, दिवस 2, आणि प्रत्येक प्रसंगाच्या माथ्यावर तो आकडा लिहा. नागपुरात ऋतू फुकट मदत करतो. एप्रिलमध्ये दुकानातल्या कूलरला नव्या वाळ्याच्या ताट्या बसतात. जूनपर्यंत त्या काळपट पडतात. पाऊस स्थिरावला की कूलरचं तोंड जुन्या चादरीनं बांधलेलं असतं. हिवाळ्यात त्याच टेबलावर संत्र्याच्या सालींचा ढीग. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची, म्हणजे इडापीडा घालवणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक जुन्या नागपुरातून जाते आणि लोक ओरडत असतात, “इडा पीडा घेऊन जा गे मारबत!” चोरी पोटात घेऊन बसलेला मुनीम दुकानाच्या ओट्यावर उभा राहून ते ऐकतोय, एवढं पुरे. पण त्या दिवशी गोष्टीत काही घडणार नसेल तर मिरवणूक टाकू नका. गर्दी, परवानगी आणि एक अख्खा दिवस खर्ची पडतो आणि संकलनात ते दृश्य पहिलं उडतं.

शूटिंग क्रमानं होत नाही, हे पात्राच्या वाढीला सगळ्यात मोठं विघ्न. दुकानातले सगळे प्रसंग चार दिवसांत उरकतात: सकाळी कथेचा दिवस 2, दुपारी दिवस 61. नटासाठी एका कागदावर आलेख करून द्या: आडवे कथेचे दिवस, उभी त्याची भीती, शून्य ते दहा. प्रत्येक शॉटआधी त्यानं आकडा विचारायचा, “आता किती?” वेशभूषेचंही तसंच, वामनरावांच्या सदऱ्याचं वरचं बटण कोणत्या दिवसापासून उघडं राहतं ते आधीच ठरवा. आणि कूलर संवाद घेताना बंद ठेवा. त्याचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून नंतर घाला, नाहीतर एका शॉटमध्ये घरघर आणि दुसऱ्यात शांतता अशी जोडाजोड करत बसावं लागेल. मे महिन्यात डिसेंबरचा प्रसंग घेत असाल तर घाम पुसायला माणूस हवाच. शॉटही लहान ठेवा, कारण लांब शॉटमध्ये कपाळ चमकायला लागतं.

दुय्यम पात्रांचं एका ओळीत: हमाल, बायको, मुलगा, प्रत्येकाला वामनरावांकडून काहीतरी हवं असलं पाहिजे, आणि शेवटी ते मिळालं की नाही हे दिसलं पाहिजे. हमालाला फक्त “मुनीमजी, माझ्यावर भरोसा हाये ना?” याचं उत्तर हवं असेल तर तेवढंही चालेल.

शेवटी ती नोटा मोजण्याची सवय. पहिल्यांदा, दहाव्या मिनिटाच्या आत, पूर्ण दाखवा: थुंकी लावलेलं बोट, गड्डी सरळ, गड्डी उलटी, रबर. वीस सेकंद, काही तोडू नका; प्रेक्षकाला कंटाळा येण्याच्या जरा आधीपर्यंत. दुसऱ्यांदा मध्यंतराच्या आसपास, पण उलटी मोजणी सुरू होताना कोणीतरी हाक मारतं आणि ती अर्धवट राहते, आठ सेकंद. तिसऱ्यांदा सगळं उघड झाल्यावर शेठजी त्यांच्या हातात हिशेबाचे पैसे ठेवतात आणि वामनराव न मोजता खिशात घालतात. हा शॉट संकलक हमखास आखडता घेतो, कारण त्यात काहीच होत नाहीसं वाटतं. तो खिशाशी थांबवू नका. हात खिशातून बाहेर येतो, बोटं सवयीनं एकमेकांवर घासतात, आणि थांबतात. तिथून पुढं आणखी 48 फ्रेम, म्हणजे दोन सेकंद, ठेवा आणि मग कापा.